मानेच्या फ्रॅक्चरचा चार्ट उघडण्याआधी

पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकेतल्या रुग्णांचे चार्ट कोड करणाऱ्यांत (म्हणजे नोंदी वाचून निदानाला ठरलेला सांकेतिक क्रमांक देणाऱ्यांत) फिजिओथेरपी, फार्मसी, बीएचएमएस असं काहीबाही शिकून आलेले बरेच जण असतात. मणके त्यांना पाठ असतात, आणि मानेच्या फ्रॅक्चरला नेमके तेच फसतात. मानेच्या फ्रॅक्चरचे कोड एस१२ ने सुरू होतात, आणि पाचवा मणका मोडला की हात आपोआप एस१२.५ कडे जातो. तो कोड सहाव्याचा आहे. पहिल्या मणक्याला .०, दुसऱ्याला .१, असं करत सातव्याला .६. माझ्या पहिल्या नोकरीत याच एका आकड्यापायी ऑडिटरने माझे लागोपाठ चार चार्ट परत पाठवले होते. तेव्हा आधी टेबलावर एक चिठ्ठी चिकटवा: ‘मणक्यातून एक वजा’. हसतील हसणारे.

कोडचं पुस्तक चालू वर्षाचं हवं. अमेरिकेत आयसीडी-१०-सीएम ही निदानाच्या कोडची यादी १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे आणि दर १ ऑक्टोबरला नवी आवृत्ती येते. बाह्यरुग्ण असेल तर उपचाराची तारीख, दाखल रुग्ण असेल तर डिस्चार्जची तारीख बघून आवृत्ती ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेचं मूळ आयसीडी-१० कॉलेजात हाताळलं असेल तर ते बाजूला ठेवा. तिथे मानेच्या अनेक फ्रॅक्चरना मिळून एस१२.७ आहे, अमेरिकन आवृत्तीत तो नाही. दोन मणके मोडले तर दोन कोड.

मग चार्टमधली कागदपत्रं लावून घ्या. इमर्जन्सीची नोंद, सीटीचा रिपोर्ट, शस्त्रक्रिया झाली असेल तर तिची नोंद, डिस्चार्ज समरी. वाचताना चार गोष्टी वहीत उतरवा: कोणता मणका, त्याचा कोणता भाग, हाड जागचं सरकलंय का, जखम उघडी की बंद. सरकल्याचा उल्लेखच नसेल तर सरकलेलं धरायचं, उघडी-बंदचा नसेल तर बंद. हा पुस्तकातलाच नियम आहे, आपला अंदाज नव्हे. ‘फ्रॅक्चर असावं’, ‘शंका आहे’ असं बाह्यरुग्णाच्या नोंदीत असेल तर फ्रॅक्चरचा कोड लावायचा नाही. मानदुखी असेल तर मानदुखी.

खरा वेळ दुसऱ्या मणक्यासाठी राखून ठेवा. बाकीच्या मणक्यांना मिळून लागत नाही इतकं डोकं हा एकटा खातो. त्याचं वर आलेलं दातासारखं टोक म्हणजे डेन्स, काही डॉक्टर ओडोन्टॉइड लिहितात. डेन्स बुडाशी मोडला की टाइप टू. याला तीन वेगळे कोड आहेत: पुढे सरकला तर एस१२.११०, मागे सरकला तर एस१२.१११, जागीच असेल तर एस१२.११२. म्हणजे नुसतं ‘सरकलाय’ पुरत नाही, दिशा लागते, आणि ती बहुतेक वेळा सीटीच्या रिपोर्टातच सापडते. टाइप वन आणि टाइप थ्री दोन्ही ‘इतर डेन्स’मध्ये, एस१२.१२ खाली. आता गंमत बघा. याच मणक्याची कमान दोन्ही बाजूंनी मोडून तो पुढे घसरला की डॉक्टर ‘हँगमन’ लिहून मोकळे होतात. आपल्याला ते आघातजन्य स्पॉन्डिलोलिस्थेसिसमध्ये (म्हणजे मार लागून मणका घसरणं) शोधायचं असतं, आणि तिथे टाइप थ्रीला स्वतःचा कोड आहे, एस१२.१४. एकाच मणक्यावर दोन वेगळे टाइप थ्री! नुसतं ‘सी२ (म्हणजे मानेचा दुसरा मणका), टाइप थ्री’ एवढंच लिहिलेलं दिसलं की थांबा आणि डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, टाका.

पहिल्या मणक्याचं त्या मानाने सोपं. ‘जेफरसन’ वाचलं की बर्स्ट फ्रॅक्चर, म्हणजे फुटलेला मणका, मग स्थिर की अस्थिर एवढंच बघायचं. फक्त हे कोड आकडे धरून पाच अक्षरांत संपतात, आणि उपचाराचा टप्पा सांगणारं अक्षर सातव्या जागीच यावं लागतं, म्हणून त्याआधी एक्स भरावा लागतो: एस१२.०१एक्सए.

सातव्या अक्षराबद्दल नव्या मुलांचा ठाम समज असतो की ‘ए’ म्हणजे पहिली भेट. तसं नाही. सक्रिय उपचार चालू आहेत तोवर ‘ए’, मग डॉक्टर तिसरा का असेना. उघड्या फ्रॅक्चरला ‘बी’. हाड नीट जुळतंय आणि रुग्ण कॉलर तपासून घ्यायला आलाय तर ‘डी’, उशिरा जुळतंय तर ‘जी’, जुळलंच नाही तर ‘के’, मागे राहिलेल्या त्रासासाठी ‘एस’. वाकडं जुळल्याचं ‘पी’ इतर हाडांच्या सवयीने टाकाल, ते इथे नाही. आणि ‘डी’ लावल्यावर वर आफ्टरकेअरचा, म्हणजे उपचारानंतरच्या देखभालीचा, झेड कोड चढवू नका.

मज्जारज्जूला इजा आहे का, हे बघितल्याशिवाय कोड सबमिट करायचा नाही. असेल तर त्या इजेचा एस१४ आधी, फ्रॅक्चर नंतर. मघाची चिठ्ठी आठवतेय ना? इथे ती उलटी पडते, कारण एस१४.१ मध्ये शेवटचा आकडा पातळीचा जसाच्या तसा असतो. पाचवा मणका सरकून मोडलाय, प्रकार लिहिलेला नाही, आणि त्याच पातळीला सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम (मज्जारज्जूच्या मधल्या भागाची इजा) आहे: आधी एस१४.१२५ए, मग एस१२.४००ए. एकाच जागेला एकदा पाच, एकदा चार. शिवाय मणके सात असले तरी मज्जारज्जूच्या पातळ्या आठ आहेत, तेव्हा शेवटी ८ दिसला तर चूक समजून खोडू नका.

अपघात कसा झाला याचे कोड पटकन होतात. जिन्यावरून पडणं, गाडी, उथळ पाण्यात सूर, जे लिहिलंय ते. अपघात कुठे झाला हे सांगणारा वाय९२ मात्र पहिल्याच उपचाराला, एकदाच.

आता समजा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, बाथरूमला जाताना उभ्या-उभ्या पडल्या, डेन्स टाइप टू, मागे सरकलेला. वहीत एस१२.१११ए लिहून झालं. तेवढ्यात जुन्या आजारांत ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, दिसतो. धडधाकट हाड अशा पडण्याने मोडलं नसतं, असं असेल तर हे एस१२ नाहीच, ऑस्टिओपोरोसिसने मोडलेल्या मणक्याचा एम८०.०८एक्सए. पण हाड कशाने मोडलं हे ठरवणं डॉक्टरांचं काम. क्वेरीत उत्तर सुचवू नका: ‘फ्रॅक्चरचं कारण आघात, ऑस्टिओपोरोसिस, दुसरं काही, की सांगता येत नाही, कृपया नोंदवावं.’ उत्तर येईपर्यंत चार्ट होल्डवर टाका आणि पुढचा घ्या.