नवी मुंबईत नवीन आलात आणि क्लबात काम करायचंय? मग हे वाचा

सांगली, नांदेड, जळगाव कुठूनही नोकरीसाठी इकडे आलेल्यांची तक्रार एकच, समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं तेही कळत नाही. सिडकोने १९७० पासून हे शहर वसवलं, गावठाणातले आगरी-कोळी सोडले तर जवळपास सगळे बाहेरचेच, मीपण त्यातलाच. म्हणून ओळखी करायच्या तर मला तरी रोटरी, लायन्ससारखा समाजसेवेचा क्लब बरा वाटतो, जिममध्ये होतात त्यापेक्षा टिकाऊ ओळखी होतात.

दोन्हींचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि तेव्हा प्रेसिडेंट बदलतो. मे-जूनमध्ये गेलात तर जुनी टीम रिपोर्ट भरतेय, नवी टीम इन्स्टॉलेशनच्या (पदग्रहण सोहळ्याच्या) हॉलमागे पळतेय, तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो, मनाला लावून घेऊ नका, पावसाळ्यात परत जा. मेंबर व्हायला कोणीतरी नाव सुचवावं लागतं, त्यामुळे आधी गेस्ट म्हणून या. फी किती, जेवण त्यात धरलंय का, प्रोजेक्टची वर्गणी वेगळी का, हे फॉर्म भरायच्या आधी बिनधास्त विचारा. विशी-पंचविशीतले असाल तर रोटरॅक्ट, म्हणजे रोटरीचा तरुणांचा क्लब बघा, खिशाला झेपतं.

आणि मीटिंगवरून क्लब जोखू नका. शाल, श्रीफळ, परिचय, आभार, मग ग्रुप फोटो, तासभर तेच चालतं, मलाही कंटाळा येतो. खरी माणसं प्रोजेक्टला दिसतात.

रक्तदान शिबिराचंच घ्या. नवीन माणसाला बहुतेक नोंदणीच्या नाहीतर चहाच्या टेबलावर बसवतात आणि त्याला वाटतं हे काय फालतू काम. नोंदणीला वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, मागचं रक्तदान कधी (पुरुषांना ९० दिवस, बायकांना १२० दिवस जावे लागतात) हे सगळं न लाजता विचारायचं असतं. पुढे बोटाला टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या पाण्यात सोडतात, पटकन तळाला गेला तर पास, वरच राहिला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली, आज नाही. काही ठिकाणी आता मशीन असतं. हौसेने आलेल्या ताई इथून परत जाताना खूप हिरमुसतात, त्यांना चहा द्या, डॉक्टरांना भेटवा, नुसतं "नाही चालणार" म्हणून वाटेला लावू नका. आणि चहाच्या टेबलावर तर डोळ्यात तेल घालून बसायचं, कारण रक्त देऊन झालं की दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं असतं, आणि "मला काही होत नाही हो" म्हणत ताडकन उठणारा तरणाबांड गडीच दारापाशी चक्कर येऊन पडतो.

खाडीकिनारी सफाई असेल तर आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, गमबूट घाला, स्लीपरवर आलात तर चिखलात स्लीपर तिथेच राहील. विसर्जनाला निर्माल्यातून थर्माकोल, प्लॅस्टिक वेगळं करायचं, वास येतो, सवय होते.

ग्रुपवर "येतो" टाकलं की या. नसेल जमत तर आदल्या रात्रीच कळवा, नाश्त्याचा आकडा त्यावर ठरतो. रविवारी हार्बर लोकलला मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) असतो हे सगळ्यांना माहीत असतं, ती सबब चालत नाही.

पहिल्याच वर्षी कोणीतरी सेक्रेटरी व्हा म्हणून गळ घालेल, गोड बोलून टाळा. महिन्याचे रिपोर्ट, अटेंडन्स, सगळ्यांचे फोन, यात रविवार कुठे गेला कळत नाही आणि प्रत्यक्ष काम राहतं बाजूला. काहीतरी हवंच असेल तर उन्हाळ्यातलं रक्तदान शिबिर मागून घ्या. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावी, रक्तपेढ्यांत टंचाई, आणि नेमकं तेव्हाच उन्हात सोसायट्यांच्या सेक्रेटरींना भेटून क्लब हाऊस मागायला क्लबात कोणी तयार नसतं.