खाटेजवळची सोनोग्राफी शिकवताना: आधी द्राक्षं, मग माणूस

एका मशिनला चारच विद्यार्थी घ्या. पाचवा आला की तो मोबाईल काढतो. शिकवणाऱ्याने हात पाठीमागे ठेवायचे. प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) आपण घेतला की चित्र सुरेख येतं आणि विद्यार्थी आहे तिथेच राहतो.

पहिला तास माणसावर नको. नाशकात जानेवारी ते एप्रिल द्राक्षांना तोटा नाही, त्यांचाच फॅन्टम, म्हणजे माणसाऐवजी सरावाला वापरायचा नमुना, करा. एक लिटर पाण्याला ८५ ते ९० ग्रॅम बिनचवीचं जिलेटिन आणि चार मोठे चमचे साधा इसबगोल. इसबगोल वगळला तर पडदा नुसता काळा दिसतो, ऊतीसारखा करडा दाणा येत नाही. मिश्रण निवेपर्यंत हळू ढवळा, नाहीतर इसबगोल तळाला बसतो. पण फेटू नका, बुडबुडा राहिला की त्याच्याखालचं काही दिसत नाही. अर्धं मिश्रण डब्यात ओतून फ्रिजमध्ये घट्ट करा, उरलेल्याचं पातेलं गरम पाण्यात ठेवा. घट्ट थरावर बिनबियांची द्राक्षं मांडा आणि वरून कोमट मिश्रण सोडा. गरम ओतलंत तर खालचा थर विरघळतो नि द्राक्षं बुडतात.

लिनियर, म्हणजे सपाट तोंडाच्या, प्रोबने द्राक्ष शोधायचं, पडद्याच्या मधोमध आणायचं आणि ते न हरवता प्रोब ९० अंश फिरवायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण बहुतेकांचं द्राक्ष निम्म्यातच निसटतं, कारण प्रोब फिरवताना मनगट कलतं. करंगळी टेकवून ठेवली की हात स्थिरावतो. मग मुद्दाम गेन (चित्राचा उजळपणा) पूर्ण चढवा, डेप्थ (किती खोलवर दिसतं ते) शेवटपर्यंत वाढवा आणि म्हणा, ‘आता नीट कर.’ बटणांवरच्या व्याख्यानापेक्षा हे बरं.

माणसावर आल्यावर फास्टच्या, म्हणजे पोटात किंवा हृदयाभोवती रक्त वा पाणी साचलंय का हे झटपट बघायच्या तपासणीच्या, चारच जागा. उजवीकडे कर्व्हिलिनियर (वक्र तोंडाचा) प्रोब, मार्कर (प्रोबच्या कडेची खूण) डोक्याकडे, मधल्या काखरेषेवर. यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधली फट दिसली की विद्यार्थी थांबतो. त्याला यकृताच्या खालच्या टोकापर्यंत न्या, थोडं पाणी बऱ्याचदा तिथेच आधी सापडतं. फासळीची सावली आडवी आली तर प्रोब किंचित तिरपा करायचा. डावं मूत्रपिंड अधिक वर आणि मागे असतं, म्हणून मुठीची पेरं गादीला टेकली पाहिजेत. ओटीपोटासाठी मूत्राशय भरलेलं हवं, पण भरलेल्या मूत्राशयामागे पडदा पांढराफटक होतो आणि त्या उजेडात पाणी लपतं. तिथे पडद्याच्या खालच्या, म्हणजे खोलवरच्या, भागाचा गेन उतरवा. हृदयाची जागा सर्वांत अवघड, ती शेवटी.

श्वासाबरोबर होणारं फुप्फुसाचं सरकणं दाखवायला स्वयंसेवकाला श्वास रोखायला सांगा. सरकणं थांबलं की ते काय होतं, हे एकदम उमगतं.

आता कायद्याचं. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा. मशिन नोंदणीकृतच हवं आणि पोर्टेबल असलं तरी नोंदलेल्या जागेबाहेर, वसतिगृहातही, न्यायचं नाही. सरावाला गर्भवती नकोच. ओटीपोटासाठी पुरुष स्वयंसेवक घ्या, प्रश्नच मिटतो. पित्ताशयात अचानक खडा दिसला तर कोणाला सांगायचं, हे संमती घेतानाच ठरवा. दिसल्यावर सगळ्या गटासमोर चर्चा नको.

शेवटी जेल कोरड्या मऊ कापडाने पुसा, मग प्रोब उत्पादकाने सांगितलेल्या द्रावणानेच निर्जंतुक करा. हाताशी आहे म्हणून स्पिरिट वापरलं तर पुढचं रबर तडकू शकतं. वायर जमिनीवर सोडू नका. ट्रॉलीचं चाक पहिलं तिच्यावरच जातं.