नीलम घेण्यापूर्वी पारख कशी करावी
सप्टेंबरचे जन्मरत्न आणि शनीचा खडा मानला जाणारा नीलम अंगठीत बसवण्यापूर्वी तीन रात्री उशाखाली ठेवून स्वप्ने कशी पडतात ते पाहण्याची प्रथा आपल्याकडे आहे. ती श्रद्धेने पाळावी, पण खड्याची पारख तिने होत नाही. त्यासाठी दहापट भिंगाखाली खडा उजेडात हळूहळू फिरवावा. आत रेशमाच्या धाग्यांसारख्या बारीक सुया एकमेकींना छेदताना दिसल्या, तर तो बहुधा नैसर्गिक असतो. वक्राकार रेषा दिसल्या, तर तो कारखान्यात घडवलेला समजावा. नीलम हा कुरुंद या खनिजाचाच प्रकार असून १ ते १० च्या मोह्स मापनश्रेणीत त्याची कठिणता ९ असते, त्यामुळे कडा झिजलेल्या खड्याविषयी काचेचा संशय धरावा. रंग खुलवण्यासाठी खडा तापवला आहे का, हे प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रात वाचल्याशिवाय पैसे मुळीच देऊ नयेत.