गुरूवरची धडक पकडायची तर व्हिडिओ पुसू नका

गुरूवर धूमकेतू कधी आदळणार, असं पोरं विचारतात. तारीख सांगता येत नाही ओ. 1994 ला सांगता आली, कारण शूमेकर-लेव्ही 9 या धूमकेतूचे तुकडे वर्षभर आधीच सापडले होते. 16 ते 22 जुलै, सेकंदाला साधारण 60 किलोमीटरच्या वेगानं ते एकामागून एक आदळले आणि काळे डाग लहान दुर्बिणीतूनही दिसले. एरवी जे पडतं ते न सांगता पडतं.

म्हणून मी बघत बसत नाही, रेकॉर्ड करतो. सहा इंची दुर्बीण, साधा ग्रहांचा कॅमेरा, सेकंदाला 30 फ्रेम. 2012 मध्ये अमेरिकेत डॅन पीटरसन या हौशी निरीक्षकानं गुरूवरच्या धडकेची चमक डोळ्यानं बघितली, पण पुरावा मिळाला जॉर्ज हॉलच्या व्हिडिओत. त्यानं बातमी ऐकून आपली फाईल तपासली. त्यानं ती पुसली असती तर? व्हिडिओतून गुरूचा फोटो सुंदर करून उरलेला व्हिडिओ फेकणाऱ्यांचा मला राग येतो.

जागा बघून बसा. सोलापुरात उन्हाळ्याच्या तोंडाला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडतो, गुरू नुसता थरथरतो. गावाबाहेरचा मोकळा माळ बरा. आमचं जुनं माळवद त्यामानानं लवकर निवतं, पण त्यावर कोणी चाललं की चित्र नाचतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. गुरू मिथुनेत असला की इथं जवळपास डोक्यावर येतो आणि डॉब्सनियन (आडव्या-उभ्या फिरणाऱ्या साध्या बैठकीवरची) दुर्बीण नेमकी तिथंच अडते. तासभर आधी नाहीतर नंतर धरा.

फाईल तपासायला ‘डिटेक्ट’ नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याला रात्रभर काम करू द्या. खरी चमक एकाच जागी वाढते आणि विझते, सेकंद-दोन सेकंद. एकाच फ्रेममधला ठिपका सोडून द्या, तो वैश्विक किरणाचा, म्हणजे अवकाशातून येऊन कॅमेऱ्यावर आदळलेल्या कणाचा असतो. सरकत गेला तर माणसानं सोडलेला उपग्रह.

डाग शोधणं वेगळं. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियात अँथनी वेस्लीला तो असाच नेहमीचं निरीक्षण करताना सापडला. आधी गुरूच्या स्वतःच्या उपग्रहांच्या सावल्यांचं वेळापत्रक बघा, कारण सावलीही काळी, गोल आणि जास्त रेखीव असते. गुरू 9 तास 55 मिनिटांत फिरतो, म्हणजे पाच फेऱ्यांनी तोच भाग परवा रात्री, दीडेक तास उशिरा समोर येतो. तेव्हाही डाग तिथंच असला तरच कुणाला सांगा.

लॅपटॉपचं घड्याळ आधी इंटरनेटवरून जुळवा. कळवताना वेळ जागतिक वेळेत लिहा, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून. मध्यरात्रीनंतरचं असेल तर तारीखही मागे जाते.