जुने तयार खुराडे पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करताना: नागपूर परिसरातील कुक्कुटपालकांसाठी सल्ला

हिंगणा, काटोल, उमरेड या भागांत दहा-वीस गावरान किंवा गिरिराज कोंबड्या पाळणारे अनेक जण अलीकडे कारखान्यात बनलेले, नटबोल्टने जोडायचे तयार खुराडे जुन्या बाजारातून किंवा कोणाच्या बंद पडलेल्या शेडवरून विकत घेतात. असे खुराडे स्वस्त पडते. मात्र ते आणले तसेच अंगणात उभे करू नये, अशी कळकळीची सूचना आहे. जुन्या खुराड्याचे बहुतेक दोष त्याच्या जोडांमध्ये असतात. पावसाचे पाणी तिथूनच झिरपते आणि गोचीडही तिथेच दडून बसते, म्हणून ते पूर्ण सुटे करून प्रत्येक जोड उघडा पाडावा. या कामासाठी नवतप्याचे दिवस, म्हणजे २५ मे ते २ जून हा काळ उत्तम असतो, कारण त्या उन्हात लाकूड आतपर्यंत वाळते आणि जूनच्या मध्यावर पाऊस येण्यापूर्वी हाताशी थोडे दिवस उरतात.

व्यवहार करण्यापूर्वी आधीच्या मालकाला तिथे कोंबड्यांची मरतूक झाली होती का, हे स्पष्टपणे विचारावे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा संसर्ग आढळला, हे आपल्या परिसरातील सर्वांना आठवत असेल. जिथे पक्षी अचानक मोठ्या संख्येने मेले, तिथले खुराडे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

सुटे केलेले भाग आधी कोरडेच खरवडावेत. विष्ठेचा थर तसाच ठेवून वरून जंतुनाशक मारले तर ते त्या थरातच वाया जाते. त्यानंतर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासावे आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात उलटसुलट करावे. कोंबड्यांची गोचीड दिवसा फटीत चपटी होऊन बसते, रात्री बाहेर येऊन रक्त पिते आणि अन्नाशिवाय अनेक महिने तग धरते. त्यामुळे वर्षभर रिकामे पडलेले खुराडेही निर्धोक समजू नये. बसण्याच्या दांडीचे टोक जिथे खोबणीत बसते तिथे पातळ पाते घालून पाहावे. तपकिरी, वाळलेल्या चिंचोक्याच्या सालीसारखे काही निघाले तर ती गोचीडच समजावी. लोखंडी भागांवरून ज्योत फिरवता येते, परंतु प्लायवूड आणि फायबरवर ती वापरू नये. तिथे पशुवैद्यकाने सांगितलेले औषध रिकाम्या खुराड्यातच फवारावे. शेवटी आतून चुन्याचा दाट हात द्यावा आणि फटी त्यानेच भरून घ्याव्यात.

लाकडात पेचकसाचे टोक सहज रुतत असेल तर तो भाग वाळवीने किंवा कुजण्याने पोखरलेला आहे. त्यावर रंग न लावता तेवढा तुकडा कापून नवा बसवावा. गंजलेले लोखंड तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत. दार बसवताना चौकटीत तीन-चार मिलिमीटर जागा सोडावी, कारण उन्हात वाळलेले लाकूड पावसाळ्यात फुगते आणि घट्ट बसवलेले दार ऑगस्टमध्ये उघडत नाही.

छपराकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. पत्र्याचे स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर असावेत, खोलगट भागात नव्हे. उन्हाने कडक झालेले रबरी वायसर सगळेच बदलावेत. त्यात काटकसर करू नये. जुनी भोके नुसत्या सिलिकॉनने भरली तर पत्रा तापून-थंडावून ते सुटते, म्हणून भोकावर पत्र्याचा तुकडा रिव्हेटने बसवून कडा बंद कराव्यात. गेल्या पावसाळ्यात आमच्या खुराड्यात छपरातून थेंबही आला नाही, पण दक्षिणेकडच्या जाळीतून वाऱ्याबरोबर आलेल्या झडीने तूस भिजले. तेव्हापासून त्या बाजूला तीन फूट पुढे आलेली पडवी काढणे आम्ही अनिवार्य मानतो. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी.

पाणी अडवण्याच्या नादात हवा बंद होते आणि ही चूक फार ठिकाणी दिसते. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळलेल्या खुराड्यात ओल आणि अमोनिया साचतो, डोळे चुरचुरतात आणि रक्ती हगवण बळावते. पडदा खालून वर चढणारा असावा आणि छपराखालची फूटभर जाळी नेहमी उघडी राहावी. ही जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारांचे सांधे वेल्डिंगने जोडलेली चौकोनी जाळी, घ्यावी, म्हणजे मुंगूस आणि साप आत शिरत नाहीत. षटकोनी कोंबडी-जाळीवर भरवसा ठेवू नये.

काळ्या मातीत खुराडे थेट उभे केले तर पावसात जमीन फुगते, पाय तिरपे होतात आणि नीट बसवलेले जोड पुन्हा उघडतात. पायांखाली फूटभर माती काढून मुरूम आणि गिट्टी ठोकून भरावी, त्यावर सिमेंटचे ठोकळे ठेवावेत आणि तळ जमिनीपासून दीड फूट उंच घ्यावा. पावसापूर्वीच्या वावटळीत हलके खुराडे उलटते, म्हणून चारही कोपरे लोखंडी खुंटांना तारेने ताणून बांधावेत.

सगळे जोडून झाल्यावर तळाशी कोरडे वर्तमानपत्र अंथरावे, छपरावर आणि दक्षिण बाजूवर दहा मिनिटे पाइपने जोराचे पाणी मारावे आणि कागदावर जिथे डाग उमटेल तिथला जोड पुन्हा खोलावा. त्यानंतरच दोन-तीन इंच धानाचे तूस टाकून कोंबड्या सोडाव्यात. पावसाळ्यात तूस मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा राहत असेल तर ते उकरून चुना मिसळावा किंवा बदलावे. कोंबड्या सोडल्यापासून आठव्या रात्री बॅटरी घेऊन बसण्याच्या दांड्यांची खालची बाजू अवश्य पाहावी. एकही गोचीड चालताना दिसली तर कोंबड्या बाहेर काढून फवारणी पुन्हा करावी.