सरोवरावरचा बर्फ वितळण्याची वाट कशी पाहावी

गोव्यातून लडाखला जाणारी बहुतेक कुटुंबे मे महिन्याच्या सुट्टीत निघतात, आणि पँगाँग सरोवर त्या वेळी गोठलेले असेल, अर्धे मोकळे असेल की पूर्ण निळे झालेले असेल, हा प्रश्न त्यांना विमानाची तिकिटे काढून झाल्यावर पडतो. ज्यांना केवळ निळे पाणी पाहायचे आहे त्यांनी जून उजाडू द्यावा आणि निर्धास्त जावे. ज्यांना बर्फ वितळतानाच पाहायचा आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. ते दृश्य फार थोडे दिवस टिकते आणि दरवर्षी वेगळ्या आठवड्यात येते. मात्र त्याची वाट पणजीत, फोंड्यात किंवा काणकोणात बसूनही नीट पाहता येते.

बर्फ उशिरा का जातो, हे आधी समजून घ्यावे. पाणी सुमारे 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते आणि बर्फ पाण्याहून हलका असतो, म्हणून सरोवर वरून गोठते आणि खाली पाणी तसेच राहते. वसंतात दिवसाचा पारा शून्याच्या वर चढला तरी बर्फ आठवडेच्या आठवडे जागचा हलत नाही. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळवायला सुमारे 334 किलोज्यूल उष्णता लागते, आणि तेवढ्याच उष्णतेने एक किलो पाणी शून्यापासून जवळजवळ 80 अंशांपर्यंत तापले असते. त्यातच बर्फावर ताजे हिम पडलेले असेल, तर ते बहुतेक ऊन परतवून लावते. त्यामुळे आधी हे भुरभुरीत हिम जाते, मग उघडा पडलेला बर्फ ओलसर आणि करडा दिसू लागतो, आणि हा गडद पृष्ठभाग ऊन शोषू लागला की कामाला वेग येतो. वाट पाहणाऱ्याने पहिली खूण धरायची ती रंगाच्या या बदलाची.

दुसरी खूण काठावर दिसते. उथळ पाणी आणि उन्हाने तापणारे खडक यांमुळे किनारा आणि बर्फ यांच्या मधोमध पाण्याची अरुंद पट्टी उघडते, आणि जिथे ओढे सरोवरात उतरतात तिथे ती लवकर रुंदावते. तिसरी खूण जवळूनच कळते: वरून अखंड वाटणारा बर्फ आतून उभ्या, लांबट स्फटिकांत विभागला जातो आणि त्या स्फटिकांमधली पकड सुटत जाते. या अवस्थेला पोहोचलेले सरोवर एका जोरदार वाऱ्याची वाट पाहत असते. तो वारा आला की आठवडाभर न हललेला बर्फ दिवसभरात, कधी काही तासांत फुटून एका किनाऱ्याशी जाऊन साचतो. आपल्याकडे पहिला पाऊस जसा पंचांगातली तारीख पाहून पडत नाही, तसाच हा दिवसही आधी सांगता येत नाही. त्याची लक्षणे मात्र ओळखता येतात.

ही लक्षणे घरबसल्या पाहण्याचे साधन म्हणजे उपग्रहचित्रे. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रे कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांत 10 मीटरपर्यंतचा तपशील दिसतो आणि एका जागेचे नवे चित्र साधारण पाच दिवसांनी येते. रोजचे पण अधिक ढोबळ चित्र हवे असेल, तर नासाचे वर्ल्डव्ह्यू उघडावे. ढग आणि बर्फ दोन्ही पांढरेच दिसत असल्याने नवख्या माणसाची फसगत होते. अशा वेळी ब्राउझरमध्ये लघुतरंग अवरक्त किरणांचे (SWIR) चित्र निवडावे, म्हणजे बर्फ निळसर, ढग पांढरट आणि मोकळे पाणी जवळजवळ काळे दिसते. लडाख पर्जन्यछायेत असल्याने तिथले आकाश पुष्कळदा निरभ्र मिळते, ही मोठीच सोय आहे. मार्चपासून दर आठवड्याला एकदा पाहावे, आणि त्याआधी एखाद्या रविवारी मागील पाच-सहा वर्षांचे एप्रिल आणि मे महिने क्रमाने पाहून काढावेत. बर्फ फुटण्याचा काळ किती मागेपुढे सरकतो, याचा अंदाज त्यातून येतो, आणि तो कोणत्याही प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक विश्वासार्ह असतो.

पाहताना नोंद ठेवावी, आणि नोंद ठेवण्याआधी ‘बर्फ गेला’ म्हणजे नेमके काय हे ठरवून घ्यावे: आपल्या ठरलेल्या भागातून तो पूर्ण गेला, की दहातले नऊ भाग पाणी दिसू लागले? दरवर्षी एकच व्याख्या वापरली तरच वर्षांची तुलना होऊ शकते. जपानमधील सुवा सरोवर केव्हा गोठले याच्या नोंदी 1443 पासून ठेवल्या गेल्या आहेत, आणि अलास्कात नेनाना येथे टानाना नदीचा बर्फ फुटण्याच्या क्षणावर 1917 पासून लोक पैजा लावतात. तिथे बर्फावर उभारलेली लाकडी खूण हलली की तिला जोडलेले घड्याळ थांबते. हवामान कसे बदलत आहे हे अभ्यासणाऱ्यांना आज अशा साध्या नोंदी मोलाच्या वाटतात.

प्रवासाची आखणी करताना सरोवराचा दिवस आधीच पक्का करू नये. लेहमध्ये आठ-नऊ दिवस हाती ठेवावेत आणि पँगाँगला केव्हा जायचे हे तिथे पोहोचल्यावर, ताजे चित्र पाहून आणि रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या चालकांना विचारून ठरवावे. नाहीतरी सुरुवातीचे दिवस थांबावेच लागते. समुद्रसपाटीवरून निघालेला माणूस विमानाने थेट सुमारे 3,500 मीटर उंचीवर उतरतो, त्यामुळे किमान दोन दिवस विश्रांती घेतल्याशिवाय 4,200 मीटरपेक्षा उंच असलेल्या सरोवराकडे निघू नये, कारण वाटेतला चांग ला घाट 5,300 मीटरहून उंच आहे. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर खाली उतरणे हाच खरा उपाय आहे. औषधांविषयी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो, आणि ते मी अत्यंत कळकळीने सांगतो. वसंतातल्या बर्फावर पाऊल ठेवू नये. थंड देशांत सुमारे 10 सेंटीमीटर जाडीच्या स्वच्छ, टणक बर्फावर चालता येते असे मानतात, पण तो नियम हिवाळ्यातल्या नव्या बर्फापुरता आहे. आतून सुटलेला बर्फ त्याच्या तिप्पट जाड असला तरी माणसाचा भार पेलेलच असे नाही. गोव्यातली पुष्कळ माणसे पट्टीची पोहणारी असतात आणि तोच आत्मविश्वास इथे घात करतो. शून्याजवळच्या पाण्यात पडताच श्वास अनावर होतो आणि काही मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. मुलांना काठाच्या पट्टीपासूनही दूर ठेवावे आणि छायाचित्रासाठी कोणी आग्रह केला तर स्पष्ट नकार द्यावा.

काठावर पोहोचल्यावर एकाच जागी, निदान सकाळी आणि दुपारी असे दोनदा बसावे. रात्री मोकळ्या पाण्यावर पातळ पापुद्रा धरतो, म्हणून सकाळी सरोवर पुन्हा मिटल्यासारखे दिसते आणि घाईने आलेले पर्यटक निराश होऊन परततात. दुपारी वारा उठला की बर्फ सरकू लागतो आणि सुटे स्फटिक एकमेकांवर आपटून किणकिणतात. हा नाद ऐकायचा असेल तर गाडीचे इंजिन बंद असले पाहिजे. दुर्बीण असेल तर ती उघड्या पाण्यावर रोखावी, कारण पट्टकादंब आणि चक्रवाक हे पाणपक्षी तिथे उतरू लागतात.

पँगाँग आधीच मोकळे झाले असेल, तर सुमारे 4,500 मीटर उंचीवरच्या त्सो मोरीरीची चित्रे पाहावीत. एक सरोवर निळे झालेले असताना दुसऱ्यावर बर्फ शिल्लक असू शकतो. दोन्हीकडे जायचे असेल तर मधला एक दिवस मोकळा ठेवावा.