कुत्र्या-मांजरासाठी थर्मोस्टॅटवालं हीटिंग पॅड घेतलंय? मग या चुका टाळा

दिवाळी उरकली की पुण्यात पहाटेचा गारठा सुरू होतो आणि डिसेंबर-जानेवारीत पाषाण, एनडीए या बाजूला पारा ८-१० अंशांवर येतो, एखाद्या रात्री त्याच्याही खाली. त्यात आपल्या घरात फरशी, मग शहाबादी असो नाहीतर व्हिट्रिफाइड, रात्री पाय ठेववत नाही इतकी गार पडते. म्हातारी कुत्री सकाळी उठताना कण्हतात, मांजरं टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सवर चढून बसतात. म्हणून हल्ली बरेच जण थर्मोस्टॅटवालं, म्हणजे ठरावीक तापमानाला आपोआप चालू-बंद होणारं पॅड घेतात आणि ते चांगलंच आहे, मी पण दर थंडीत वापरतो. काळजी वाटते ती एकाच गोष्टीची, "थर्मोस्टॅट आहे ना, तो बघून घेईल" असं म्हणून लोक पॅड लावतात आणि निवांत झोपतात. थर्मोस्टॅटला तुमचं कुत्रं दिसत नाही हो. त्याचा सेन्सर जिथे टेकलाय तिथलं तापमान तेवढं त्याला कळतं, बाकी काहीच नाही. खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या बऱ्याचशा इथूनच सुरू होतात.

माणसांचं पॅड वापरू नका

मेडिकलमध्ये कंबरदुखीसाठी मिळतं ते पॅड घरात पडलेलं असतं, तेच उचलून कुत्र्याच्या गादीखाली सरकवतात. ते अर्धा-पाऊण तास शेकायला बनवलेलं असतं आणि ५० अंशांच्या पुढे सहज जातं. माणूस "चटका बसतोय" म्हणून बाजूला होतो, पण बारा-तेरा वर्षांचं, मागचे पाय धड न चालणारं लॅब्रॅडॉर कसं होणार बाजूला? ओळखीच्या एका घरी हेच झालं. दोन दिवस कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण वरून केस जसेच्या तसे होते. मग मांडीपाशी केस चिकट लागायला लागले, हलका वास यायला लागला आणि आठवड्याभरात केसांचा पुंजकाच हातात आला. खालच्या कातडीवर लाल पट्टे, बरोबर पॅडमधल्या तारेच्या वळणासारखे. कुत्र्यांची भाजलेली जागा अशीच उशिरा दिसते, आपल्यासारखे लगेच फोड येतीलच असं नाही.

आणि भाजायला फार गरम लागतंच असं नाही. १९४७ मध्ये अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते हे मोजलं होतं, ६० अंशांना पाचेक सेकंद पुरतात आणि ४४ अंशांना साधारण सहा तास. सहा तास म्हणजे आपली एक झोप! हाताला "छान कोमट" वाटणारं पॅड रात्रभर एकाच जागी टेकून राहिलं तर भाजू शकतं ते असं. कुत्र्या-मांजराचं अंगच ३८ ते ३९ अंश असतं, त्यामुळे प्राण्यांसाठीची पॅड साधारण तेवढ्यावरच थांबवलेली असतात. मोठ्या कुत्र्या-मांजराला वरच्या कापडावर ३५ ते ३८ पुष्कळ झालं, ३९ च्या वर न्यायचंच नाही.

सेन्सर कुठे आहे ते रोज बघा

ज्यांचं पॅड वेगळं आणि कंट्रोलर, म्हणजे सेन्सर बघून पॅड चालू-बंद करणारी डबी, वेगळी आहे त्यांनी हे नीट वाचा. वायरवाला सेन्सर पॅडवर असतो तोवर सगळं ठीक. कुत्रं गादी उकरतं, गोल गोल फिरतं, मग बसतं, आणि या सगळ्यात सेन्सर घसरून फरशीवर जातो. आता फरशी १८ अंशांवर, कंट्रोलरला वाटतं अजून गरम झालंच नाही, तो पॅड चालूच ठेवतो, चालूच ठेवतो, डिस्प्लेवर बिचारा १९ दाखवतोय आणि इकडे पॅड तापत चाललंय. थर्मोस्टॅट बिघडलेला नसताना, अगदी इमानेइतबारे काम करत असताना हे होतं. उपाय साधा आहे, सेन्सर पॅडच्या मधोमध, कापडी टेपने किंवा सरळ टाके घालून पक्का करायचा, वर एक पातळ कापड घालायचं आणि कुत्रं जिथे खरोखर बसतं तिथेच तो येईल असं बघायचं. कोपऱ्यात लावू नका, कोपरा गार असतो आणि मधली जागा तीन-चार अंश जास्त तापते. प्राणी वर बसला की त्याच्या खालची ऊब कोंडली जाते, म्हणून रिकाम्या पॅडचं रीडिंग खरं धरू नका, तो तासभर बसून उठला की लगेच त्याच जागी थर्मामीटर लावून बघा.

सेन्सर खरं सांगतोय का हेही वर्षातून एकदा तपासा. ग्लासात बारीक फोडलेला बर्फ भरून थोडं पाणी घालायचं, ढवळायचं, त्यात सेन्सर पाच मिनिटं धरायचा, शून्याच्या आसपास दाखवायला पाहिजे. दोन-तीन अंशांचा फरक असेल तर बऱ्याच कंट्रोलरमध्ये तो दुरुस्त करायची सोय असते.

तपकीर गल्लीतून एसटीसी-१००० कंट्रोलर आणून ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून जोडून घेणारेही पुण्यात आहेत, आणि त्यात एक भयंकर चूक होते. या कंट्रोलरला दोन आउटपुट असतात, एक हीटिंगचं, एक कूलिंगचं. पॅड जर चुकून कूलिंगवर जोडलं तर काम बरोब्बर उलटं होतं, तापमान वाढलं की पॅड चालू आणि मग ते बंदच होत नाही. म्हणून जोडून झाल्यावर, प्राणी जवळ यायच्या आधी, सेन्सर चाळीसेक अंशांच्या गरम पाण्यात बुडवून बघा. पॅडची लाइट गेली पाहिजे. नाही गेली तर तिथेच प्लग काढा. यात डिफरन्स नावाचं सेटिंग असतं ते पण समजून घ्या, ३७ ला सेट आणि डिफरन्स १ असेल तर पॅड ३७ ला बंद होऊन ३६ च्या खाली परत चालू होतं. अर्धा अंश ठेवला तर रिले, म्हणजे कंट्रोलरच्या आतला स्विच, सारखा टकटक करतो आणि लवकर जातो, तीन-चार ठेवले तर प्राण्याला कधी गार कधी गरम, एक ते दोन ठीक. आणि हे २३० व्होल्टचं जोडकाम उघडं ठेवायचं नाही, नीट डबीत बंद पाहिजे आणि शेपटीच्या, तोंडाच्या टप्प्याबाहेर.

अर्धीच गादी गरम करा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. पॅड गादीच्या अर्ध्या भागाखाली, फार तर दोन तृतीयांश, उरलेला भाग गार राहू दे. प्राण्याला स्वतःचं कळतं, गरम झालं की तो सरकतो, पण सरकायला जागा हवी ना. पिंजऱ्यात किंवा कॅरियरमध्ये तळभर पॅड अंथरलं की त्याची सुटकाच बंद. ज्यांना सरकता येत नाही, म्हणजे मागचे पाय गेलेले, ऑपरेशन होऊन भुलीतून अजून न उतरलेले, खूप आजारी किंवा पाय बधिर झालेले, त्यांच्याखाली पॅड लावून एकटं सोडायचंच नाही. लावलंच तर कमी तापमान, वर घोंगडीची घडी, आणि दर अर्ध्या-एक तासाने कूस बदलायची आणि पोटाखाली हात घालून बघायचं. एवढं शक्य नसेल तर खाली थर्मोकोल किंवा योगा मॅट, वर गोधडी आणि अंगात स्वेटर, इतक्यावर पुण्याची रात्र आरामात निघते.

पॅडवर जाडजूड रजई किंवा फोमची गादी टाकणं ही पण चूकच, खाली उष्णता कोंडते आणि वर काहीच पोचत नाही, मग लोक नॉब वाढवतात. आणि पॅडची घडी घालू नका, आतली तार घडीवर तुटते नाहीतर तिथेच जास्त तापते. थंडी संपल्यावर सैल गुंडाळी करून ठेवा, कपाटात त्याच्यावर सुटकेस ठेवू नका.

दुपारी बंद करा. सकाळी सहाला १० अंश असलेल्या पुण्यात दोन वाजता २९ असतात आणि तुम्ही ऑफिसात असता. साधा टायमर सॉकेट लावा, रात्री दहा ते सकाळी सात-आठ बास. वीज म्हणाल तर २० वॉटचं पॅड दहा तासांत ०.२ युनिट खातं, पैशाचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो, घरात कोणी नसताना पाळीव जीव आणि चालू वायर एकाच खोलीत असण्याचा.

वायर कुरतडणारी पिल्लं असतील तर स्टीलच्या स्प्रिंगचं आवरण असलेलं पॅड घ्या, शक्यतो १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारं. अर्थिंग नसलेल्या जुन्या सॉकेटवर तीन पिनांचं पॅड दोन पिनांच्या कनेक्टरने चालवू नका, जुन्या वाड्यांत आणि सोसायट्यांत हे सर्रास चालतं. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. लघवीने भिजलेल्या पॅडमधून थोडासा करंट बाहेर येत असेल तर तो ओळखून तोडायला ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी लागतं.

पिल्लांचं गणित वेगळं

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, पहिल्या आठवड्यात तर धड कुडकुडताही येत नाही. त्यांच्या खोक्यात पहिला आठवडा २९ ते ३२ अंश हवा पाहिजे आणि मग हळूहळू कमी करत चौथ्या आठवड्यापर्यंत २४-२५. हे हवेचं तापमान आहे, पॅडचं नाही, खोक्यात पिल्लांच्या उंचीवर थर्मामीटर टांगा. इथेही पॅड एका बाजूलाच, कारण आईला उकडतं, आणि सगळं खोकं तापलं की ती उठून निघून जाते, मग पिल्लांना दूध कोण देणार. पिल्लं ढिगाने एकावर एक चढत असतील तर गार पडतंय, लांब लांब पसरून केकाटत असतील तर गरम होतंय.

रस्त्यावर सापडलेलं थंडगार पिल्लू आधी उबेत घ्यायचं, दूध नंतर. अंग ३५ अंशांच्या खाली गेलं की आतडी काम करत नाहीत, पाजलेलं दूध तसंच राहतं, फुफ्फुसात जायची भीती वेगळीच. तापवतानाही एकदम नाही, अंगाशी कापडात गुंडाळून हळूहळू. हौसेने एकदम पॅडवर टाकलं तर पिल्लू आगीतून फुफाट्यात.

हस्की, सेंट बर्नार्ड यांना पुण्यात पॅड लागतच नाही, उलट त्रासच. पग आणि शिट्झू यांना लागलं तर जपून, नाक आखूड असल्याने त्यांना उष्णता बाहेर टाकायला जड जातं.

काही अडलं तर

प्राणी पॅडवर बसतच नाही? पहिले दोन-तीन दिवस पॅड बंद ठेवून त्याच्या नेहमीच्या चादरीखाली अंथरा, वासाची सवय होऊ दे. तरी टाळत असेल तर ऐका त्याचं, बहुतेक गरम जास्त आहे. धापा टाकत असेल, हिरड्या लालभडक दिसत असतील तर लगेच बंद, गार जागी न्या, पाणी द्या, आणि ताप ४० च्या वर असेल तर डॉक्टर.

पॅड गरमच होत नाही म्हणून बघाल तर अनेकदा रात्री लाइट जाऊन आलेली असते. टचबटणवाली बरीच पॅड लाइट आल्यावर आपोआप चालू होत नाहीत. सकाळी पिल्लं गार मिळण्याआधी हे घरीच प्लग काढून-लावून तपासून घ्या. काही पॅड हाताला गार लागतात पण प्राणी बसल्यावर, दाब पडल्यावर तापतात, तेव्हा लगेच परत करायला धावू नका. एका जागी गरम आणि बाकी गार, जळका वास, वायरीपाशी तपकिरी डाग, यातलं काहीही दिसलं की पॅड फेकून द्या, दुरुस्त करून वापरायची वस्तू नाही ही.

आणि भाजलंच तर नळाचं साधं पाणी दहा ते वीस मिनिटं त्या जागेवर वाहू द्या. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तूप नको. केस दिसायला ठीक असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. घरातली पेनकिलर देऊ नका, पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर जाऊ शकतं आणि आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी आहे.